कोल्केची दाढ

मी दात छापतो.
अन्तोफागास्तात, दंतशाळेच्या तळघरात,
जिथल्या खिडकीतून समुद्र दिसत नाही,
दिसतो तो मागचा उघडाबोडका डोंगर.
रात्री यंत्र लावून जातो. सकाळी येऊन बघावं
तर पत्र्याला चाळीस दाढा उलट्या लटकलेल्या,
वटवाघळांसारख्या, राळ ठिबकवत.
धुतो त्यांना, निळ्या उजेडात कडक करतो,
मुळांच्या नळ्यांतून सुईनं लाल मेण सोडतो.
ही नस.
दुखायचं तेवढं तिला शिकवता आलेलं नाही.

सगळ्या दाढा एकाच माणसाच्या.
आन्सेल्मो कोल्के, तांब्याच्या खाणीवर डंपर चालवणारा.
वरची, डावी, पहिली. उशीर झाला होता, उपटावी लागली.
सही घ्यायला मीच गेलो होतो:
दाढ आम्हाला ठेवू द्याल का?
गालात कापसाचा बोळा. काय करणार तिचं?
म्हटलं, पोरं शिकतील.
बराच वेळ विचार करून तो म्हणाला,
"मग घ्या. माझ्या काही कामाची निघाली नाही."

तिला चौथी नळी आहे.
केसाएवढी; तोंडाशीच आडवी वळते, मग खाली उतरते.
ब्रातिचबाई खूश, अशी दाढ शोधून सापडत नाही.
तेव्हापासून सात वर्षं
मी ते वळण छापतोय.

यास्ना कुतिपानं तिसऱ्या वर्षाला अकरा वाया घालवल्या.
एकीचा तळ फोडला, दोघींत फाइल मोडली,
उरलेल्यांत चौथी नळी सापडलीच नाही.
संध्याकाळी खाली यायची, आणखी एक द्या म्हणून
अगदी दातांच्या कण्या करायची.
नियमानं प्रत्येकीला पाच.
मी वहीत लिहायचो, "छपाईत बिघडली."
एकदा म्हटलं, प्लास्टिक आहे गं,
रक्त नाही, ओरडणं नाही, हात कशाला कापतो?
म्हणाली, "ओरडत नाही म्हणूनच.
चुकले ते मला एक्स-रे काढल्यावर कळतं."

बारावीत सापडली.
नाचली-बिचली नाही. दाढ ॲप्रनच्या खिशात टाकून
घेऊन गेली, तेही नियमात बसत नाही.

परवा वर दवाखान्यात दिव्याचा बल्ब बदलायला गेलो,
तर पाचव्या खुर्चीत कोल्के.
केस पांढरे, उजवा गाल सुजलेला,
तोंडावर हिरवं रबर ताणलेलं
आणि त्यातून एकटी दाढ वर आलेली.
तिच्यावर यास्ना वाकलेली.
तिला नाव ठाऊक नव्हतं. वर्गात दाढेला नंबर असतो.
मला सांगावंसं वाटलं. जुना बल्ब हातात अजून गरम होता.
नाही सांगितलं.

उजवी म्हणजे बहुतेकदा डावीचंच आरशातलं रूप.
तीन नळ्या तिनं उघडल्या. सुई उचलली. थांबली.
मग ओळखीच्या जिन्यात दिवा न लावता शिरावं
तशी शिरली,
फक्त कठडा आज दुसऱ्या हाताला.
सुई आडवी गेली, वळली, उतरली.
"फिल्ममध्ये तर दिसत नव्हती," ब्रातिचबाई म्हणाल्या.
"नव्हती," यास्ना म्हणाली. "पण असणार होती."

तेवढ्यात कोल्केनं हात वर केला.
जाड हात, नखांच्या कडेला न निघणारी राखाडी रेघ.
ती थिजली. अवजारं बाजूला.
दुखतंय?
त्यानं मान हलवली. नाही.
मग काय होतंय? पाणी? मान अवघडली?
नाही, नाही.
रबराआडून बोलता येईना,
तळवा पालथा करून त्यानं खूण केली, चालू दे.

नुसतं बघितलं असावं त्यानं,
हात वर केला तर कुणी थांबतं का.

मी बल्ब बसवला.
लागेना. काढून पुन्हा बसवला.